सकाळी २४, संध्याकाळी १७ : डोळ्याचा दाब दिवसभरात का बदलतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या शंकरनगर भागात राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या ६१ वर्षांच्या एका गृहस्थांनी वस्तीतल्या नेत्रतपासणी शिबिरात सकाळी साडेसातला डोळ्यांचा दाब मोजून घेतला. तो उजव्या डोळ्यात २४ आणि डाव्या डोळ्यात २३ भरला. चार दिवसांनी ते संध्याकाळी साडेसहाला धंतोलीतील एका नेत्रतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा तेच आकडे १७ आणि १६ आले. त्यांच्या आईला काचबिंदू होता. स्वतःची दिनचर्याही त्यांनी कळवली आहे. साडेसहाला उठायचे, तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले सव्वा लिटर पाणी एका दमात प्यायचे, मग अर्धा तास योगासने आणि शेवटी पाच मिनिटे शीर्षासन. शिबिराच्या दिवशीही हा क्रम चुकला नव्हता. शिबिरातील यंत्र बिघडलेले होते का, दोन आकड्यांपैकी खरा कोणता, काचबिंदू झाला आहे का आणि थेंब सुरू करावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे की दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि यंत्रात बिघाड असल्याखेरीज असे होणार नाही हे गृहीतकच मुळात सोडून द्यावे लागेल. डोळ्याचा दाब हा चष्म्याच्या नंबरासारखा एकदा मोजला की वर्षभर पुरणारा आकडा नाही. तो तासातासाला बदलतो, उठण्याबसण्याने बदलतो, श्वास रोखल्याने बदलतो, आणि जवळून पाहिले तर नाडीच्या प्रत्येक ठोक्यालाही किंचित हलतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये आधीच्या तपासण्यांचे आकडे असतात, तेव्हा मी प्रथम त्यांच्या शेजारी वेळ लिहिलेली आहे का ते पाहतो. दहापैकी आठ फाइलींत ती नसते. वेळ नसलेला दाबाचा आकडा म्हणजे उपाशीपोटी की जेवणानंतर हे न लिहिलेला साखरेचा रिपोर्ट होय.

आता हा दाब म्हणजे काय, ते पाहू. (जुन्या चिठ्ठ्यांवर आम्ही डॉक्टर याला ‘टेन्शन’ लिहीत असू, आणि ‘मला तर घरी कसलेच टेन्शन नाही’ असे सांगणारे रुग्ण मला आजही भेटतात.) डोळ्याच्या पुढच्या भागात, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागे दडलेल्या सिलिअरी बॉडी नावाच्या ऊतीतून एक स्वच्छ पाणीदार द्रव सतत झरत असतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. तो पूर्णपणे डोळ्याच्या आत असतो. दिवसा त्याची निर्मिती मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर असते, म्हणजे ड्रॉपच्या बाटलीतून पडणाऱ्या एका थेंबाचा जेमतेम विसावा हिस्सा. हा द्रव बाहुलीतून पुढे येतो आणि रंगीत पडदा व कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) जिथे मिळतात त्या कोनातील बारीक जाळीतून गाळला जाऊन डोळ्याच्या पृष्ठभागावरील शिरांमध्ये मिसळतो. थोडासा भाग स्नायूंच्या फटींतून दुसऱ्या वाटेनेही जातो. किती द्रव तयार होतो, जाळीतून तो किती सहज वाहतो आणि पुढच्या शिरांमध्ये किती दाब आहे, या तीन गोष्टींच्या हिशेबातून जो आकडा निघतो तो डोळ्याचा दाब. तो मिलिमीटर पाऱ्यात मोजतात आणि १० ते २१ ही व्याप्ती सर्वसाधारण मानतात.

निरोगी माणसातही हा आकडा दिवसभरात तीन ते सहाने वरखाली होतो. खुर्चीवर बसवून मोजल्यास बहुतेकांत सकाळी तो अधिक असतो आणि दुपार ते संध्याकाळपर्यंत हळूहळू उतरतो. आपल्या दोन आकड्यांमधील ७ चा फरक म्हणूनच चक्रावून जाण्यासारखा नसला, तरी दुर्लक्ष करण्यासारखाही नाही, कारण काचबिंदूच्या डोळ्यात हाच चढउतार १० च्या पुढे जाऊ शकतो. निरोगी जाळी चढलेला दाब लवकर ओसरू देते; अडलेली जाळी तसे करत नाही, आणि चढाव मोठा होण्याचे हेच मुख्य कारण आहे.

या विषयातील सर्वांत चमत्कारिक भाग रात्रीचा आहे. झोपेत द्रवाची निर्मिती दिवसाच्या जवळपास निम्म्यावर येते. नळ अर्धा बंद केला तर टाकीतील पाणी उतरावे, ही आपली साधी अपेक्षा. पण रुग्णांना निद्राप्रयोगशाळेत ठेवून, झोपलेल्या अवस्थेतच रात्रभर दाब मोजला तेव्हा तो उतरण्याऐवजी चढलेला आढळला, आणि पहाटे जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक भरला. आडवे झाल्यावर डोके आणि हृदय एका पातळीला येतात, मानेतील व डोळ्याभोवतीच्या शिरांमध्ये रक्त साचून त्यांचा दाब वाढतो, आणि ज्या गटारात पाणी सोडायचे तेच तुडुंब भरले तर मोरी तुंबावी तसा द्रवाचा निचरा मंदावतो. एका कुशीवर झोपणाऱ्यांत खालच्या बाजूच्या डोळ्यात हा परिणाम थोडा अधिक दिसतो. उठून बसल्यावर काही मिनिटांतच दाब उतरू लागतो. म्हणजे ज्या वेळी तो सर्वांत वर असतो त्या वेळी रुग्ण अंथरुणात असतो आणि डॉक्टरही. दवाखान्याच्या वेळेत, सकाळी अकरा ते दुपारी दोन किंवा संध्याकाळी सहा ते नऊ, आम्हाला जो दिसतो तो अनेकांच्या बाबतीत उतरतीचा दाब असतो.

याचे एक उदाहरण मी विसरू शकत नाही. भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यातून पन्नाशीच्या एक शेतकरी बाई माझ्याकडे येत असत. घरचे आटोपून, एसटीने नागपूर गाठेपर्यंत त्यांना साडेबारा तरी वाजत. दोन वर्षांत सहा वेळा त्यांचा दाब मोजला. कधी १६, कधी १७, एकदा १५. काचबिंदूचे थेंब नियमित चालू होते. तरीही दर सहा महिन्यांनी केलेल्या फील्ड टेस्टमध्ये (समोर पाहताना आजूबाजूचे किती दिसते याची तपासणी) डाव्या डोळ्यातील अंधारलेला भाग सरकत होता. मी थेंब बदलले, थेंब टाकताना त्यांचा हात पाहिला, रक्तदाब तपासला, आणि कारण सापडेना. शेवटी त्यांना आदल्या रात्री नात्यातील घरी मुक्कामाला थांबवून दिवसभराची मोजणी केली, ज्याला आमच्याकडे डायर्नल व्हेरिएशन टेस्ट म्हणतात. सकाळी पावणेसातला त्या बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या. सातला पहिली नोंद २७. दहाला २१. एकला नेहमीचे १६. दोन वर्षे मी एकाच शिडीची सगळ्यात खालची पायरी सहा वेळा मोजत होतो, हे त्या दिवशी मला कागदावर दिसले. चूक त्यांची नव्हती, एसटीच्या वेळापत्रकाचीही नव्हती. पहिल्याच वर्षी ही मोजणी करायला हवी होती आणि ती मी केली नव्हती.

आता यंत्राविषयी, कारण आपली मुख्य शंका तीच आहे. शिबिरात बहुधा हवेचा झोत सोडणारे एनसीटी (नॉन-कॉन्टॅक्ट टोनोमीटर) यंत्र असते. ते डोळ्याला स्पर्श करत नाही, भूल लागत नाही, तासाभरात शंभर माणसे तपासून होतात, म्हणून शिबिरासाठी ते योग्यच आहे. मात्र त्याचे मोजमाप काही मिलिसेकंदांत आटोपते आणि त्या क्षणी नाडीचा ठोका कोठे होता यावर आकडा दोनतीनने इकडेतिकडे होतो. म्हणून प्रत्येक डोळ्यात किमान तीन झोत घेऊन सरासरी काढायची असते. गर्दीत ते नेहमी होतेच असे नाही. शिवाय पहिल्या झोताला माणूस दचकतो, पापण्या आवळतो, श्वास रोखतो, आणि या तिन्हीने दाब खरोखरच वाढतो. यंत्र खोटे बोलत नाही; ते दचकलेल्या डोळ्याचा दाब खरा सांगते.

दवाखान्यात आपला दाब ज्या यंत्राने मोजला ते बहुधा गोल्डमन यांचे अ‍ॅप्लनेशन टोनोमीटर असावे. स्वित्झर्लंडचे हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात ते तयार केले आणि आजही तुलनेची फूटपट्टी तेच आहे. आपल्याला आठवत असेल: भुलीचा थेंब टाकतात, पिवळ्या रंगाची पट्टी पापणीच्या कडेला लावतात, हनुवटी स्टँडवर ठेवायला सांगतात आणि निळा उजेड डोळ्याजवळ येतो. पलीकडून आम्हाला काय दिसते ते रुग्णाला कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. कॉर्नियावर टेकलेल्या छोट्या प्रिझममधून अश्रूंचे हिरवट-पिवळे कडे दोन अर्धवर्तुळांत फुटलेले दिसते, एक वर आणि एक खाली. बाजूची चकती फिरवून जोर वाढवत नेला की ती अर्धवर्तुळे एकमेकांकडे सरकतात, आणि त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना नेमक्या भिडतात तेव्हा कॉर्नियाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट झालेला असतो. चकतीवर त्या वेळी १.७ असेल तर दाब १७. परंतु ती अर्धवर्तुळे स्थिर नसतात. रुग्णाच्या नाडीच्या ठेक्यावर ती मिटतात-उघडतात, मिटतात-उघडतात, आणि मोजणाऱ्याला त्या हालचालीच्या मध्यावर आकडा धरावा लागतो. नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना मी हे अर्धा मिनिट नुसते पाहत राहायला सांगतो. दाब ही हलती गोष्ट आहे हे पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा त्यातून लवकर कळते.

या यंत्रालाही कॉर्नियाच्या जाडीची मर्यादा आहे. ते साधारण ५२० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त, जाडी गृहीत धरते. जाड कॉर्निया सपाट करायला जोर जास्त लागतो, म्हणून आकडा फुगतो. पातळ कॉर्नियात, किंवा चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात, तो फसवा कमी येतो. त्यासाठी पॅकिमेट्री नावाची दोन मिनिटांची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी लागते. आपली झालेली नाही असे आपल्या पत्रावरून दिसते.

आता आपल्या सकाळच्या क्रमाकडे येतो, कारण त्यात दाब चढवणाऱ्या दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या आहेत. पहिली पाण्याची. काचबिंदूच्या तपासणीत वॉटर ड्रिंकिंग टेस्ट नावाची एक चाचणी आहे: रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिलिटर, किंवा सरळ एक लिटर पाणी पाच ते पंधरा मिनिटांत प्यायला देतात आणि पुढचा तासभर दर पंधरा मिनिटांनी दाब मोजतात. जाळी निरोगी असेल तर आकडा थोडासा चढून उतरतो; निचरा अडलेला असेल तर अधिक चढतो आणि उतरायला वेळ लावतो. दिवसातील सर्वोच्च दाबाचा अंदाज बांधायला ती उपयोगी पडते. आपण सव्वा लिटर पाणी एका दमात पिऊन तासाभरात शिबिरात गेलात, म्हणजे नकळत ही चाचणी स्वतःवर करूनच गेलात. त्या २४ मध्ये पाण्याचा थोडा वाटा असणे शक्य आहे. परंतु तासाभराने त्याचा जोर बराच ओसरलेला असतो, त्यामुळे सगळा दोष तांब्याच्या भांड्यावर टाकता येणार नाही. उषःपान सोडा असे मी म्हणत नाही. तेच पाणी एका दमाऐवजी तासदीड तासात घोटाघोटाने प्यावे, एवढाच बदल पुरे.

दुसरी गोष्ट शीर्षासनाची, आणि तेथे मी इतका सौम्य नाही. नियमित योगाभ्यास करणाऱ्यांवर आपल्याच देशात झालेल्या एका अभ्यासात शीर्षासनात पाच मिनिटे असताना दाब सरासरी १५ वरून ३० च्या पुढे, म्हणजे दुपटीवर गेलेला आढळला. पाय खाली आल्यावर तो काही मिनिटांत मूळ पदावर येतो, म्हणून शिबिरातील २४ चे खापर शीर्षासनावर फोडणे बरोबर होणार नाही. पण रोज पाच मिनिटे, वर्षानुवर्षे, आईला काचबिंदू असलेल्या माणसाच्या डोळ्यातील नसेवर (डोळ्याकडून मेंदूकडे दृष्टीचे संदेश नेणाऱ्या) हा भार टाकण्याची गरज मला दिसत नाही. डोळ्यांची संपूर्ण तपासणी होईपर्यंत शीर्षासन, सर्वांगासन आणि डोके बराच वेळ खाली राहील अशी आसने थांबवावीत. श्वास रोखून जड वजन उचलणे आणि पोहताना डोळ्यांच्या खोबणीत घट्ट बसणारा छोटा गॉगल लावणे यांनीही दाब तात्पुरता वाढतो. अंबाझरी तलावाच्या काठाने भरभर चालण्याने मात्र तो उलट थोडा उतरतो, तेव्हा चालणे अवश्य वाढवावे.

तर आपल्याला काचबिंदू आहे का? दाबाच्या आकड्यांवरून, मग ते सकाळचे असोत की संध्याकाळचे, याचे उत्तर देता येत नाही. काचबिंदू म्हणजे वाढलेला दाब नव्हे. दाबामुळे डोळ्याच्या नसेची होणारी विशिष्ट प्रकारची झीज म्हणजे काचबिंदू. दाब २४ असूनही नस वर्षानुवर्षे सुरक्षित राहिलेले लोक आहेत, आणि १५ दाबावर नस झिजत चाललेलेही आहेत. दक्षिण भारतातील मोठ्या सर्वेक्षणांत काचबिंदू आढळलेल्या दहापैकी नऊ जणांना तो आपल्याला आहे हे माहीत नव्हते, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा त्या दिवशी मोजलेला दाब २१ च्या आतच होता. म्हणून संध्याकाळच्या १७ ने निर्धास्त होणे हे सकाळच्या २४ ने घाबरण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे, असे माझे मत आहे. घाबरलेला माणूस निदान पुन्हा तपासायला तरी येतो.

थेंब सुरू करावेत का, या प्रश्नावर चांगला आधार उपलब्ध आहे. अमेरिकेत झालेल्या ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडीमध्ये दाब २४ ते ३२ पर्यंत असलेले, पण नस आणि फील्ड शाबूत असलेले १,६३६ लोक घेतले होते. निम्म्यांना दाब उतरवणारे थेंब दिले, निम्म्यांना नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के आणि घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना काचबिंदू झाला. थेंबांनी धोका निम्म्याहून कमी केला हे खरे, आणि थेंब न घेताही दहापैकी नऊ जण पाच वर्षांनी ठीक होते हेही तितकेच खरे. वय अधिक, कॉर्निया पातळ आणि नसेच्या तोंडाशी असलेला खळगा मोठा असणाऱ्यांना धोका जास्त होता. म्हणून आपले थेंब आज या दोन आकड्यांवर सुरू करणे मला घाईचे वाटते. नस, फील्ड, कॉर्निया आणि कोन हे चारही पाहून, दाबाची आणखी काही मोजमापे हाती घेऊन मगच ते ठरवावे.

कोनाचा उल्लेख केला, त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण दाबाच्या चढउतारातील सर्वांत धोकादायक प्रकार तेथे असतो. आशियाई लोकांत, विशेषतः चाळिशीनंतर आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, रंगीत पडदा आणि कॉर्निया यांच्यामधला हा कोन अरुंद असू शकतो. अशा डोळ्यात अंधूक उजेडात बाहुली मोठी झाली की रंगीत पडद्याची घडी जाळीवर येऊन बसते, निचरा अडतो आणि दाब भराभर चढतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर कपाळ दुखणे, रस्त्यावरच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसणे, नजर धूसर होणे आणि झोपून उठले की सगळे साफ होणे, कारण झोपेत बाहुली आकुंचन पावते, ही त्याची खूण आहे. येथे चढाव सकाळचा नसून संध्याकाळचा असतो, आणि सकाळी तपासले तर दाब १५ भरतो. हाच प्रकार पूर्णपणे अडकला तर दाब ५० च्या पुढे जाऊन असह्य डोकेदुखी आणि उलट्या होतात. अशा रुग्णाला ‘पित्त उसळले’ म्हणून रात्रभर पोटाच्या गोळ्या दिल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि सकाळी डोळा लाल, बुबुळ धूसर, नजर गेलेली. ज्यांचा कोन अरुंद आहे त्यांना हे टाळण्यासाठी लेझरने रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडता येते. त्याला मिनिटे लागतात. कोन पाहण्याची तपासणी म्हणजे गोनिओस्कोपी. ती आरशाची भिंग डोळ्यावर ठेवून करतात, आणि घाईच्या ओपीडीत सर्वांत आधी गाळली जाते ती हीच. आपण ती आग्रहाने मागून घ्यावी.

ज्यांचे थेंब आधीच चालू आहेत, अशा वाचकांसाठीही दिवसाचा हा क्रम महत्त्वाचा आहे. टिमोलॉल हे औषध डोळ्यातील द्रवाची निर्मिती कमी करते. रात्री निर्मिती आधीच निम्मी झालेली असल्याने झोपेत त्याचा विशेष उपयोग होत नाही, म्हणून ते दिवसातून एकदाच द्यायचे असेल तर सकाळी देतात. (दमा असलेल्यांनी ते घेऊ नये; थेंब डोळ्यात टाकला तरी तो नाकावाटे रक्तात जातो.) ब्रिमोनिडिनचाही रात्रीचा प्रभाव तोकडा असतो. लॅटानोप्रोस्ट आणि त्याच्या कुळातील थेंब मात्र निचऱ्याची दुसरी वाट मोकळी करतात, त्यामुळे ते रात्रंदिवस काम करतात. संध्याकाळी किंवा रात्री टाकलेल्या थेंबाचा जोर आठ ते बारा तासांनी, म्हणजे नेमका पहाटे आणि सकाळी, सर्वाधिक असतो. रात्री नऊचा थेंब सकाळी नऊला टाकला तर काय बिघडले, या प्रश्नाचे उत्तर यात आहे. फार बिघडत नाही, पण ज्या पहाटेसाठी तो दिला होता ती पहाट उताराच्या काळात येते. आणि आठवडाभर विसरलेले थेंब दवाखान्यात येण्याच्या आदल्या रात्री आठवणीने टाकणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. मग दाब सुरेख येतो, मी समाधानाने मान हलवतो, आणि दोघेही फसतो.

नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. निसर्गतः डोळ्याचा दाब थंडीत थोडा अधिक आणि उन्हाळ्यात थोडा कमी असतो. तरीही मे महिन्यात एखाद्या रुग्णाचा नियंत्रणात असलेला दाब चढलेला दिसला, तर मी प्रथम बाटली कोठे ठेवली होती ते विचारतो. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली बहुधा फ्रिजमध्ये आणि उघडलेली २५ अंशांच्या आत ठेवायची असते, तीही सुमारे सहा आठवडेच. आमच्याकडे पारा ४५ वर असताना औषधाच्या दुकानातून घेतलेली बाटली स्कूटरच्या डिकीत टाकून दोन कामे करून घरी जाणारे कमी नाहीत. उन्हाळ्यात दाब चढला तर औषध बदलण्याआधी बाटली बदलून पाहावी.

रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दलही विचारणा होते. रात्री झोपेत रक्तदाब नैसर्गिकरीत्या उतरतो आणि त्याच वेळी डोळ्याचा दाब वर असतो, म्हणजे नसेला मिळणारा रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी आवळला जातो. त्यात रक्तदाबाची जोरकस गोळी झोपताना घेतली तर आवळ आणखी वाढू शकतो. काचबिंदू बळावत असूनही दाब चांगला दिसत असेल, तर गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या फिजिशियनना विचारावे. स्वतःहून गोळी बंद करू नये.

चढउतार स्वतःच नुकसान करतो की केवळ वरचा आकडा, यावर आमच्यात अजून एकमत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात भेटीगणिक दाब जितका वरखाली, तितकी फील्डची घसरण अधिक असे दिसले. स्वीडनमधील अभ्यासात सरासरी दाबाचाच परिणाम ठळक होता, चढउताराचा स्वतंत्र वाटा सिद्ध झाला नाही. दिवसभर डोळ्यावर बसणारी सेन्सरची काँटॅक्ट लेन्सही निघाली आहे, तिला अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली. पण ती दाब पाऱ्यात सांगत नाही, डोळ्याच्या आकारातील सूक्ष्म बदल तिच्या स्वतःच्या मापात नोंदवते. भूल न लागणारे, घरी स्वतः वापरता येणारे रीबाउंड टोनोमीटरही मिळते, परंतु त्याची किंमत पाहता आपल्याला आज ते घ्या असे मी सांगणार नाही. माझ्या व्यवहारात मी वरच्या आकड्याला मान देतो, कारण तो सापडला की पुढचा निर्णय बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

आपण पुढील पंधरवड्यात असे करावे. आपल्याच नेत्रतज्ज्ञांकडे, डॉक्टर बदलण्याचे काही कारण नाही, एक दिवस मोजणीसाठी मागून घ्यावा: सकाळी शक्य तितक्या लवकर, मग दहा, एक, चार आणि सातच्या सुमारास, सर्व मोजमापे एकाच यंत्राने आणि शक्य तर एकाच हाताने. पूर्ण दिवस जमत नसेल तर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी चार नोंदी घ्याव्यात. त्यातील दोन तरी सकाळी नऊच्या आत. त्या दिवशी पाणी नेहमीप्रमाणे प्यावे पण घोटाघोटाने, आसने करू नयेत, मोजण्याआधी कॉफी घेऊ नये आणि गळ्याचे बटण सैल ठेवावे. त्याच भेटींमध्ये गोनिओस्कोपी, पॅकिमेट्री, बाहुली मोठी करून नसेची तपासणी, नसेचा ओसीटी (प्रकाशाने काढला जाणारा स्कॅन) आणि फील्ड टेस्ट करून घ्यावी. बाहुली मोठी करण्याचे थेंब कोन पाहिल्यानंतरच टाकायचे असतात. गेल्या काही महिन्यांत लाल डोळ्यासाठी, त्वचेसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइड घेतले असेल, मग ते थेंब असो, मलम असो की पंप, तर ते आवर्जून सांगावे; काहींचा दाब त्याने आठवड्यांत चढतो, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेला ‘लाल डोळ्याचा ड्रॉप’ पुष्कळदा स्टेरॉइडच असतो.

आपल्याला भावंडे असतील, तर आईच्या आजाराचा वारसा त्यांनाही तितकाच लागू आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी, दुखत नसले आणि नजर स्वच्छ असली तरी, आणि पहिली तारीख घेताना सकाळची मागावी.